कोणापासून शिकला?

लढाई झाली आणि आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, फिटर होतो, आणि हिंदी मुलुखातल्या रांझीच्या क्वार्टरमध्ये आईवडिलांसोबत राहत होतो. मोकळी मिळायची ती फक्त रविवारची दुपार. मित्राकडे जातो असं घरी सांगून मी सायकल काढायचो आणि रेल्वे कॉलनीपलीकडच्या एका अँग्लो-इंडियन बाईंकडे जायचो.

मी त्यांना आंटी म्हणायचो. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो वारला होता. मागच्या मोठ्या लढाईच्या वेळी, तरुणपणी, त्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये गोऱ्या शिपायांच्या नाचाला पियानो वाजवायच्या. त्यावरून लोक अजूनही त्यांच्याबद्दल वाईटसाईट बोलत. त्यांच्या पियानोचं तुटलेलं पेडल दुरुस्त करायला म्हणून मी पहिल्यांदा गेलो होतो. काम झाल्यावर सहज दोन सूर दाबले, तर म्हणाल्या, "हार्मोनियम बजाते हो? बैठो."

मराठी मंडळात माझ्या हार्मोनियमचं बरंच कौतुक होतं, त्यामुळे मला वाटलं, हे काय अवघड आहे! पण आंटींनी महिनाभर एकच स्केल घासून घेतला. उजव्या हातानं त्यावर चढायचं-उतरायचं आणि डाव्या हातानं चार-चार सुरांचे कॉर्ड धरायचे. आधी रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म, आणि शेवटी मुक्कामाला सा-ग-प-नी. सा आणि नी एकत्र वाजले की मला ते चूकच वाटायचं. मी गुपचूप नीवरचा अंगठा उचलायचो. त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अंगूठा! थोडा चुभने दो उसको. रे से, फिर से!"

सहा महिन्यांनी तो खटकणारा नी मला आवडायला लागला. नी सोडला की कॉर्ड आता पोकळ वाटायचा.

थंडीत जवानांच्या मदतीसाठी त्याच इन्स्टिट्यूटमध्ये कार्यक्रम ठरला. मी पियानो वाजवणार म्हणून कळवलं. आंटींनी एका देशभक्तीच्या गाण्याची चाल घेऊन तिच्याखाली हेच कॉर्ड बसवून दिले, आणि मधे दोन मिनिटं मला मनानं वाजवायला मोकळी ठेवली. कार्यक्रमाला त्या आल्या, निळा फ्रॉक घालून, अगदी पुढच्या खुर्चीवर. मी वाजवलं. टाळ्या थांबेनात.

खाली उतरलो तर आमचे फोरमनसाहेब आले. मराठी मंडळाचे ते अध्यक्ष, आणि माझ्या वडिलांचे साहेब. पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय वाजवून राहिला होता रे! कोणापासून शिकला?"

आंटी तीन हातांवर उभ्या होत्या. माझ्याकडेच बघून हसत होत्या. भोवती मंडळातली सगळी माणसं होती. त्यांच्यातलेच काही आंटींविषयी काय बोलतात, ते मला पाठ होतं.

"कोणापासून नाही, काका," मी म्हणालो. "कान आहे ना. आपलं आपणच बसवलं."

मराठीत बोललो होतो. आंटींना कुठलं कळणार, असं वाटलं. फोरमनसाहेबांनी विचारलं, "आणि ह्या बाई कोण?" मी म्हणालो, "माहीत नाही. इकडच्याच असतील."

पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा गेलो. आंटींनी दार उघडलं, खुर्ची ओढून दिली. मी डावा हात ठेवला, पण कॉर्ड लागेना. दोनदा चुकलो. त्या मागे उभ्या होत्या. स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "रे पासून घे. परत."

म्हणजे त्या दिवशीचं सगळं त्यांना कळलं होतं. आयुष्यभर मराठी शेजाऱ्यांत राहिलेल्या बाईला मराठी येत असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. माफी मागायला हवी होती. तासभर मान खाली घालून स्केल वाजवला. त्यांनी चहा दिला, नेहमीसारखाच.

वर्षभरानं मंडळात कार्यक्रम झाला. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की त्या दिवशी मी खोटं बोललो होतो, मला आंटींनी शिकवलं. वाटलं होतं, लोक नावं ठेवतील, वडील मान वळवतील. फोरमनसाहेब म्हणाले, "अच्छा, त्या गार्डसाहेबांच्या घरच्या? चांगलं वाजवायच्या म्हणतात. चल, सुरू कर." बस, एवढंच. वडिलांनी तर वर मान करूनही पाहिलं नाही, ते पानाला चुना लावत होते. ज्याला मी एवढा भ्यालो, ते मुळात काहीच नव्हतं. त्या रात्री मला जास्तच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर तडक सायकल मारत आंटींकडे गेलो. "आंटी, मी काल सगळ्यांना सांगितलं," म्हणालो. "तुमचं नाव घेऊन."

त्या बागेतल्या खुर्चीत वाटाणे सोलत होत्या. हातातली शेंग त्यांनी पूर्ण सोलली.

"चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "पण मी नव्हते ना तिथे."