रविवारची पाळी

प्यो छांगगिलने दारू सोडली, ते आमच्या टोळीत कुणालाच रुचलं नाही. ताएबेकच्या खाणीत आम्ही सहाजण एकाच थरावर कोळसा फोडायचो. पाळी सुटली की डुकराचं मांस भाजायचं आणि तांदळाची दारू प्यायची. घशातली काजळी त्यानंच उतरते, असा आमचा समज. छांगगिलदादा दोघांची एकटा प्यायचा आणि घरी जाऊन भांडी फोडायचा.

मग त्याच्या लेकीला, सुगीला, गोवर निघाला. तीन दिवस पोरीनं डोळे उघडले नाहीत. चौथ्या पहाटे दादा पत्र्याच्या चर्चमध्ये गेला, जमिनीला कपाळ टेकवलं आणि तीन गोष्टी कबूल करून आला. दारू नाही. रविवारी खाणीत उतरणं नाही. आणि वर्षाच्या आत वाचायला शिकायचं.

सुगी वाचली, आणि दादा बोलल्याप्रमाणे वागू लागला. बर्फ गुडघाभर असलं तरी पहाटे साडेचारच्या घंटेला चर्चमध्ये हजर. संध्याकाळी सुगीच्या पहिलीच्या पुस्तकावर काळं बोट फिरवत बसायचा आणि ती त्याच्या चुका काढायची.

त्याची बायको बुनर्ये सुखात असेल असं मला वाटायचं. एकदा मी तसं म्हणालो, तर ती डबे घासता घासता थांबली. "भावजी, दारुड्याची सवय होती मला. आता हे इतके शहाणे झालेत, की काहीतरी वाईट येणार म्हणून चाहूल घेतच दिवस जातो."

वसंतात आमच्या थरात पाणी ठिबकू लागलं. छताला दिलेले लाकडी धिरे दिवसासुद्धा कडकडायचे. डब्यातलं सांडलेलं खायला येणारे उंदीर दिसेनासे झाले. यावर कुणी बोलत नव्हतं. खाणीत असलं तोंडानं काढायचं नसतं. दादा मात्र काठीनं छत ठोकून कान लावायचा. पोकळ वाजतंय, असं त्यानं मुकादम छनला सांगितलं. छनला महिन्याचा कोळसा पुरा करायचा होता, त्यानं रविवारची जादा पाळी लावली. दादानं नकार दिला.

"का रे पाद्री," छन म्हणाला, "देवानं रजा मंजूर केली वाटतं?"

दादाच्या जागी माझा मेहुणा दोशिक तयार झाला. तो दुसऱ्या टोळीतला. त्याच्या वडिलांची साठी पुढच्या आठवड्यात होती आणि बदल्यात त्याला तेव्हा सुट्टी हवी होती.

शनिवारी संध्याकाळी दादा दोशिकच्या घरी आला. मी तिथेच होतो, माझी बहीण योनशिम भात वाढत होती. दादा उंबऱ्याआत आला नाही.

"उद्या जाऊ नकोस," तो म्हणाला. "छत धरणार नाही."

दोशिक हसला. "मग दादा, तूच ये की सकाळी. खाणीच्या तोंडाशी आडवा उभा राहा. तू अडवलंस तर एकही माणूस उतरणार नाही."

हे खरं होतं, आणि दादालाही ते ठाऊक होतं. 

"उद्या रविवार आहे," तो म्हणाला आणि गेला.

रविवारी दहाला भोंगा वाजला. छत कोसळलं तेव्हा मी डबा आणायला मागे आलो होतो, म्हणून उरलो. दादा चर्चच्या कपड्यांतच धावत आला. दोन दिवस तो आमच्याबरोबर हातांनी दगड उपसत होता. चौघं जिवंत निघाले. दोशिक तिसऱ्या दिवशी सापडला.

सुतकाच्या पांढऱ्या कपड्यांत योनशिम दादाच्या दारात गेली. ती रडली नाही. "तुमच्या देवाला माझाच नवरा कशाला लागला?" एवढंच तिनं विचारलं. 

आता हा पुन्हा पिणार, अशी सगळ्यांची खात्री होती. खोटं कशाला बोलू, मी तेच व्हायची वाट बघत होतो. तो प्याला नाही. पाद्र्याकडे जाऊन आला, त्याबद्दल त्यानं पुढे मला सांगितलं: "ते म्हणाले, तू वचन पाळलंस, तुझा दोष नाही. ते ऐकून मला जास्तच भीती वाटली."

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर तो खाणीचे कपडे घालून आला आणि जादा पाळीच्या आधी एकटाच खाली उतरला. तासभर वर आम्हाला फक्त काठीची टकटक ऐकू येत होती, मग तीही थांबली. आमच्यातलं कुणी कुणाकडे बघेना. तो वर आला आणि खाणीच्या तोंडाशी टांगलेल्या पाटीवर खडूनं, पोरासारख्या मोठ्या अक्षरांत, कुठे जायचं नाही ते लिहिलं. छननं पाटी पुसली. आम्ही जमिनीवर बसलो ते उठलोच नाही. शेवटी छननंच नवे धिरे मागवले.

नऊ वर्षं दर रविवारी हे चाललं, बिनपगारी. घरी बुनर्ये त्याचे जोडे आतल्या बाजूला तोंड करून ठेवायची, म्हणजे माणूस घराकडे वळतो, आणि तो येईपर्यंत चूल पेटवायची नाही. दोनदा छत पडलं. खाली कुणी नव्हतं. दोशिकच्या श्राद्धाला दादा दरवर्षी फाटकाबाहेर उभा राहायचा. योनशिमनं त्याला कधी आत बोलावलं नाही, हाकललंही नाही.

दहाव्या वर्षी त्याच्या छातीत कोळसा बसला आणि तो गेला. तेव्हापासून रविवारी छत मी ठोकतो. माझ्या कानाला त्याच्याइतकं कळत नाही, हे टोळीला ठाऊक आहे. पोकळ वाजलं नाही, की मी वर येतो, पाटीवर काहीच लिहीत नाही, आणि ते उतरतात.