दसऱ्याचं पहिलं फूल

दसऱ्याला पान्हे पुसताना जळक्या तेलाचा वास आला, की मला खेडचा घाट आठवतो. तेव्हा आमच्या भागात मोटारी नव्यानंच आल्या होत्या. चढावर इंजिनातलं तेल मागं जायचं आणि पुढचं बेअरिंग कोरडं पडून वितळायचं. पुण्याहून माल आणताना माझं तसंच वितळलं. ओतूरचा एक लॉरीवाला शेजारून जाताना ओरडला, "बैलं जुंपा राव!" शेवटी बैलांनीच माझी लॉरी मंचरच्या भरल्या बाजारातून ओढत नेली, आणि हा ओतूरचा गडी तिथंच पान चघळत हसत बसलेला. मी जुन्नरला मोडीतला तेलपंप शोधायला गेलो. तिथले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "धाकटा पंप घे. थोरला इंजिनाची ताकद खाईल." म्हटलं, "खाऊ द्या चाचा. मला पळायचं न्हाई, चढायचंय." थोरलाच बसवला. त्याची नळी मागं, तेल साठतं तिथवर लांबवली, म्हणजे चढावरही तेल पुढच्या बेअरिंगला मिळणार. आणि लॉरीत एक जू टाकलं. अख्खा हंगाम ते घेऊन फिरलो. एका दुपारी तो ओतूरवाला घाटात सापडलाच, धुरात उभा. "भाऊ, मंचरपत्तुर ओढ की." मी जू उतरवून त्याच्या लॉरीपुढं ठेवलं. "बैलं तेवढी तुमी बघा." पुढं जाऊन त्याच्याच जागेवर पान चघळत बसलो, त्याची लॉरी बाजारातून जाईस्तोवर. मग जू परत मागून घेतलं. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझ्या गॅरेजात दसऱ्याचं पहिलं फूल आजही त्या जुवाला असतं. तेलपंपाचा नंबर दुसरा.