रिकाम्या काचा

चष्मा कपाळावर ढकलायचा, डावा डोळा मिटायचा, उजवा मायक्रोस्कोपला चिकटवायचा, आणि कोणी हाक मारली की मान न हलवता म्हणायचं, "काचेवरची एक फेरी राहिली गं." जेवणाची सुट्टी झाली तरी तेच, साहेब आले तरी तेच. एकदा लॅबमध्ये साप निघाला. खरंच निघाला, तेव्हा घाटकोपरला आमच्या हॉस्पिटलच्या मागे नुसतं गवत होतं. आम्ही सगळ्या टेबलांवर चढून बोंबलतोय आणि ही बाई विचारते, "कुठल्या बाजूला आहे? माझी एक फेरी राहिलीय."

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेल. कामात इतकी चोख की तिच्याबद्दल वाईट बोलायला काही सापडत नाही, आणि नेमकं तेच सहन होत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी तिच्यावर जळत होते. थोडीथोडकी नाही, बारा वर्षं.

आम्ही दोघी साठ सालानंतर एकाच महिन्यात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लागलो. मी बी.एस्सी., फर्स्ट क्लास. ती मॅट्रिक, आणि एका मिशनच्या दवाखान्यात हाताखाली राहून शिकलेली. ती अंधेरीच्या जुन्या गावठाणातली, ख्रिस्ती, घरी मराठीच. साकीनाक्यावरून बसने यायची. मी मुलुंडची. आमच्या मोठ्या डॉक्टरांना नावं लक्षात राहत नसत, म्हणून ते आम्हाला गावावरून हाक मारत. "अंधेरी, जरा इकडे या." "मुलुंड, तो रिपोर्ट कुठे आहे?" सगळं हॉस्पिटल मग तसंच म्हणायला लागलं.

मायक्रोस्कोप दोन. तेव्हा त्यांच्या खालच्या आरशावर उन्हाचा उजेड घेऊन बघायचं असे, त्यामुळे खिडकीजवळची जागा म्हणजे राजाची गादी. ती तिला मिळाली. का, तर पहिल्या दिवशी ती माझ्याआधी दहा मिनिटं पोचली. दहा मिनिटं! माझी बस चुकली नसती तर आज मी काही वेगळीच बाई असते असं मला कित्येक वर्षं वाटत असे.

नाताळात ती फुगे करून आणायची, तळलेले, गोल, आतून जाळीदार. मी दरवर्षी ठरवून जायची की यंदा खायचे नाहीत. मग चार खायची आणि घरी येऊन नवऱ्याला सांगायची, "तेलकट होते." खोटं. एक नंबर होते. यांच्या घरी साधं पीठसुद्धा इतकं फुगतं कसं, या विचाराने माझं पोट आणखी दुखायचं.

तिचा खरा हात होता मज्जेच्या तपासणीत. वॉर्डात डॉक्टर रोग्याच्या कमरेच्या हाडात सुई घालून आतली मज्जा थेंबभर ओढत. तो थेंब गोठायच्या आत काचेवर पसरायचा. माझ्या हातून कधी जाड व्हायचा, कधी फाटायचा. तिच्या हातून साय धरावी तसा पसरे. मग ती काच तिरकी धरून खिडकीकडे बघायची, मज्जेचे दाणे दिसतात का ते. हळूहळू वॉर्डातून निरोपच तसे यायला लागले, "मॅरो आहे, अंधेरीच्या बाईंना पाठवा." मी समोर उभी असताना!

आता ज्या आजारापायी हे सगळं घडलं तो सांगते. काही रोगी पांढरेफटक होऊन येत. अंगावर जांभळे डाग, हिरड्यांतून रक्त. त्यांची मज्जा काढली की जिथे रक्त तयार करणाऱ्या पेशींची गर्दी असायला हवी तिथे नुसती चरबीची भोकं. कारखानाच बंद. कशाने बंद झाला ते कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे अशा काचेचा एक ठरलेला रिपोर्ट असे: "पेशी अत्यल्प, गणती शक्य नाही." तो लिहायचा आणि काच धुवायच्या बरणीत टाकायची. काचांची तेव्हा कायम टंचाई. धुऊन पुन्हा वापरायचो, आणि जिच्यावर काहीच नाही ती आधी धुवायची, हा लॅबचा रिवाज होता.

नाहूरची एक मुलगी आली, विशीची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मज्जा रिकामी. मी रिपोर्ट लिहून मोकळी झाले. ही आपली काच सोडेना. एक झाली, दुसरी घेतली, तिसरी घेतली. दुपारचं ऊन खिडकीतून सरकलं तशी स्टूल घेऊन उन्हाच्या मागे सरकली.

"अगं, काय शोधतेस?" मी म्हटलं. "ओसाड आहे ते."

"ओसाड कुठे? शंभर पेशी मोजल्या मी. निम्म्याहून जास्त लिम्फोसाइट आहेत."

लिम्फोसाइट म्हणजे पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, शरीराचे शिपाई म्हणा. मी हसले. "बाकीच्या मेल्या, त्या उरल्या. त्यात काय एवढं?"

तिने चष्मा खाली घेतला. "मेल्या की यांनी मारल्या?"

"आपलेच शिपाई आपल्याच घरात? येडी आहेस का?"

"मला काय माहीत गं. पण तिची आई जिन्यावर बसलीय. मला विचारते, कशाने झालं? तिला काय सांगू, गणती शक्य नाही?"

ती मुलगी चार महिने रक्त भरून घ्यायला येत होती. पाचव्या महिन्यात आली नाही.

पुढे मोठ्या डॉक्टरांना हे कळलं. त्यांना असल्या रोग्यांवर काही लिहायचं होतं. ते येऊन तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. इतके मोठे डॉक्टर, आणि मॅट्रिक झालेल्या बाईला विचारतायत, "तुम्हाला काय वाटतं?" म्हणाले, यापुढे अशी एकही काच धुवायची नाही, सगळ्या वेगळ्या ठेवा, पुरेशा जमल्या की आपण छापायला पाठवू, तुमचं नाव घालून. मग त्यांना मी दिसले. म्हणाले, "मुलुंड, जरा दोन चहा सांगता का?"

दोन. तीन नव्हे.

तळपायाची आग मस्तकात गेली. चहा सांगितला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

तेव्हापासून ती बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्या काचा जमवू लागली. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर काच कापायच्या हिरकणीच्या पेन्सिलीने नंबर कोरायची आणि वहीत रोग्याचं नाव लिहायची. डबा भरत आला. तो कपाटात दिसला की मला वाटे, ह्यात हिचं छापील नाव आहे. माझं नाव कुठे आहे? रेशनकार्डावर.

एकदा तिच्या आईला लकव्याचा झटका आला आणि ती आठवडाभर रजेवर गेली. त्याच आठवड्यात नव्या काचा आल्या नाहीत. पावसाळ्याचे दिवस, मलेरियाची रांग दारापर्यंत. काचा धुणाऱ्या आमच्या मावशी माझ्याकडे आल्या.

"बाई, काचा संपल्या. त्या डब्यातल्या घेऊ का धुवायला?"

मला माहीत होतं त्या कसल्या काचा आहेत. घाई होती, विसरले, असं काही नाही. मी वहीतून मान वर करून म्हटलं, "घ्या. रिकाम्याच आहेत त्या."

खोटं नव्हतंच ते. प्रत्येकीच्या रिपोर्टात तेच लिहिलं होतं, त्यातले निम्मे रिपोर्ट माझ्याच हातचे.

ती परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मलेरियाची एक काच बघत होती. बघता बघता थांबली. काच काढून उन्हात धरली. कोपऱ्यावर तिच्याच हाताने कोरलेला नंबर होता, कारण धुतल्याने रंग जातो, कोरलेलं जात नाही. तिने उठून कपाट उघडलं. रिकामा डबा हातात घेऊन उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं.

"मावशींनी धुतल्या वाटतं चुकून," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कोणा दुसरीचा वाटला.

मोठे डॉक्टर भडकले. मावशींना आजच्या आज घालवा म्हणाले. मावशी दारात पदर तोंडाशी धरून उभ्या. बोलायला लागल्या असत्या तर माझी वाट लागली असती. तेवढ्यात ही पुढे झाली. "सर, त्यांची चूक नाही. मी रजेवर जाताना डब्यावर चिठ्ठी लावायला विसरले. माझीच चूक." डॉक्टर तिला वाट्टेल ते बोलले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटायला हवं होतं. मला वाटलं, बघा, इथेही हिनेच मोठेपणा मिळवला.

काचाच नाहीत म्हटल्यावर छापायचं बारगळलं. नुसत्या वहीवर कोण विश्वास ठेवणार?

काही वर्षांनी मोठे डॉक्टर परदेशातलं एक मासिक हातात घेऊन लॅबमध्ये आले. तिकडे अशाच रोग्यांना दुसऱ्याची मज्जा द्यायची होती. ती अंगी लागावी म्हणून आधी त्यांचे लिम्फोसाइट दाबायचं औषध दिलं. दुसऱ्याची मज्जा रुजलीच नाही, पण काहींची स्वतःचीच पुन्हा जागी झाली. म्हणजे शिपायांनीच कारखाना बंद पाडला असणार. डॉक्टर म्हणाले, "अंधेरी, तुम्ही हे म्हणाला होतात. आपल्याकडे त्या काचा असत्या तर..."

मी तिच्याकडे बघत होते. आता तरी रड, चिडचिड कर, माझं नाव घे.

ती म्हणाली, "सर, ते औषध इकडे येईल का?"

त्या दुपारी आम्ही दोघीच होतो. ती काचा पुसत होती. पुसता पुसता सहज बोलावं तशी बोलली, "मावशी विचारल्याशिवाय चमचासुद्धा उचलत नाहीत गं. मला तेव्हाच कळलं होतं."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील असं वाटलं." तिने पुढची काच घेतली. "तुला चांगलं ओळखते मी, असं वाटायचं मला."

मी पर्समधला रुमाल शोधत बसले.

आईचं सगळं अंथरुणात व्हायला लागलं तशी तिने नोकरी सोडली. निरोपसमारंभात भाषण माझ्याकडे आलं. रात्रभर ठरवलं होतं की चारचौघांत कबूल करायचं. उभी राहिले आणि म्हणाले, "आमची अंधेरी फुगे फार छान करते." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. ती हसली नाही, शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती. दोन-तीन वर्षांनी कळलं की आईच्या आधी तीच गेली. तापाने. मी मातीला गेले नाही.

खिडकीजवळची जागा मला मिळाली. रिकाम्या मज्जेची काच आली की मी आता धुवायला देत नव्हते. एक फेरी, दुसरी फेरी, शंभर होईपर्यंत मोजायची, आणि लिम्फोसाइट किती ते रिपोर्टात लिहायची. एकदा नवीन आलेले तरुण डॉक्टर तो रिपोर्ट घेऊन आले. "बाई, एवढं बारकाईने कोणी मोजत नाही. कोणाकडे शिकलात?"

मी तोंड उघडलं. तिचं नाव जिभेवर होतं.

"माझं मीच," मी म्हटलं.

आज त्या रोगावर औषध आहे, माणसं बरी होतात, आणि मी पिकलेल्या केसांनी हे लिहायला बसले ते निदान कागदावर तरी तिचं देणं फेडावं म्हणून. एवढं सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. पण बघा, तिचं नाव काही माझ्या हातून लिहून झालं नाही.