रविवारचं गिऱ्हाईक

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. सुरतेच्या उधना रस्त्यावरच्या हसमुखभाईंच्या दुकानात धुरपदाबाई एका फ्रिजचं दार उघडत होत्या, लावत होत्या, पुन्हा उघडून कडेच्या रबरावरून बोट फिरवत होत्या. १९९७ सालचा मे महिना, पगारानंतरचा पहिला रविवार. दुकानात डिंडोली-लिंबायतकडची पाच-सहा कुटुंबं उभी होती. त्यांतल्या कोणाचंही अजून काही ठरलं नव्हतं. सगळे धुरपदाबाईंकडे बघत होते.

"शेठ, इतला भाव? आम्ही काय सोनानी पेटी लेवाले उनूत का?"

"माशी, कंपनी का भाव है. मेरे हाथ में कुछ नहीं." हसमुखभाई गुजराती वळणाने मावशीला माशी म्हणत.

"मंग जेना हातमा शे त्याले बलाव."

लोक हसले. त्यांतले निम्मे खानदेशातले. परमुलखात, पंख्यांच्या आणि मिक्सरच्या गर्दीत, आपली अहिराणी इतक्या ठसक्यात ऐकून त्यांना बरं वाटत होतं. धुरपदाबाईंनी मग मुलीच्या लग्नाचं काढलं. व्याही कसे तालेवार, मांडवात फ्रिज दिसला नाही तर कसं नाक कापलं जाईल, हे सांगितलं. शेवटी पदर खोचून त्या वळल्या आणि पायरीपर्यंत जाऊन एक चप्पल पायात घातली. दुसरी घालायच्या आत हसमुखभाईंनी कपाळावर हात मारला.

"पाछा आवो, माशी! तमे तो मने मारी नाखशो."

हजार रुपये उतरले.

आता पुढचं सगळं ठरलेलं होतं. हमाल सुकलाल फ्रिजची पुठ्ठ्याची पेटी कण्हत-कुथत उचलून लारीवर, म्हणजे हातगाडीवर, ठेवायचा. धुरपदाबाई पेटीला एक हात लावून लारीबरोबर चालू लागायच्या. लारी कोपऱ्यावर वळायची, मागच्या गल्लीतून फिरून दुकानाच्या गोदामात शिरायची. पेटी रिकामीच असायची. एकदा सुकलाल कण्हायचं विसरला आणि पेटी एका हाताने उचलून बसला, तेव्हा हसमुखभाईंनी त्याला दोन दिवस कामावर घेतलं नव्हतं. गोदामात चहा पिऊन, तासाभराने दुकानातली माणसं बदलली की धुरपदाबाई पुढच्या दाराने परत आत यायच्या. त्यांना फ्रिज घ्यायचा असायचा.

हे काम त्या दोन वर्षं करत होत्या. एरवी आठवडाभर घरी बसून साड्यांचे धागे कापायच्या. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या, मयुरीच्या, लग्नासाठी मिक्सर घ्यायला त्या याच दुकानात आल्या होत्या आणि अशा भांडल्या होत्या की तमाशा बघायला थांबलेल्यांपैकी दोघांनी जाता जाता पंखे घेतले. हसमुखभाईंनी ते बरोबर हेरलं. मिक्सर बांधून देताना ते म्हणाले, दर रविवारी येत जा, जे आज केलं तेच करायचं, मी पैसे देईन. धुरपदाबाईंना आधी थट्टा वाटली. नंतर अभिमान वाटला. ज्या जिभेवरून सासूने जन्मभर टोमणे मारले, त्या जिभेची कोणी मजुरी देईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. यात कोणाचं वाईट होतं असंही त्यांना वाटत नव्हतं. ओरडायचं, भाव पाडायचा, घरी यायचं.

हिशोब त्यांना हळूहळू कळला. पाटीवरची किंमत मुळात दीड हजाराने चढवलेली असायची. त्यातले हजार उतरायचे. चार दुकानं सोडून काचेच्या दाराचं एक दुकान होतं, तिथे तोच फ्रिज एकाच भावात मिळायचा आणि तो भाव हसमुखभाईंच्या उतरवलेल्या भावाहून पाचशेने कमी असायचा. पण डिंडोलीच्या गल्लीत नवी वस्तू आली की ती कितीला पडली हे कोणी विचारत नसे; किती उतरवले, हे विचारत. जिथे शेठ एक रुपयाही सोडत नाही तिथून आणलेल्या वस्तूचं चारचौघांत सांगायचं तरी काय? लोक काचेच्या दुकानात गार हवा खायचे, भाव विचारायचे, आणि हसमुखभाईंकडे यायचे.

त्या रविवारी लीलाही तशीच आली.

लीला धुरपदाबाईंच्या समोरच्या खोलीत राहायची. सुरतेतच वाढलेली, पंचविशीची पोर. नवरा महेश इच्छापोरला ठेक्याच्या कामावर. तिची भिशी लागली होती आणि त्या पैशांतून दोघं घरातली पहिली मोठी वस्तू घ्यायला निघाले होते. ती दारात आली तेव्हा लग्नाचा भाग होऊन गेला होता. तिने फक्त हजार उतरलेले ऐकले.

"अगंबाई, मावशी! तुम्ही पण फ्रिज घेताय?"

धुरपदाबाईंचा हात चपलेवरच राहिला. "हा... लेवाना इचार शे."

"आणि सांगितलं नाही कोणाला! बरं झालं बाई भेटलात." लीलाने त्यांचा दंड धरून बाजूला घेतलं. "मी त्या काचवाल्याकडे जाऊन आले. तो पाचशे कमी सांगतो, पण हलतच नाही मेला. भाव एके भाव. इथे तर तुम्ही डायरेक्ट हजार पाडले. खरं सांगा, कुठे घेऊ? तुम्ही म्हणाल तिथे घेते."

हसमुखभाई गल्ल्यावर बिलबुक चाळत होते. चाळता चाळता त्यांचा हात थांबला होता.

धुरपदाबाईंना एवढंच म्हणायचं होतं की काचवाल्याकडे जा. लीलाच्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्यात बसलेल्या बाईने म्हणायला यात अवघड काही नव्हतं.

"आठेच ले," त्या पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी बी आठेच लेस."

महेशने त्याच उतरवलेल्या भावाने पैसे दिले. खरा फ्रिज बाहेर आला तेव्हा लीला म्हणाली, "मावशींचा पण याच लारीवर चढवा ना. दोघींचे वाजत-गाजत नेऊ." सुकलालने धन्याकडे पाहिलं. हसमुखभाई पेटीवरची चिठ्ठी वाचल्यासारखं करून ओरडले, "अरे, माशी को लाल मंगता था, ये तो हरा है! अंदर रखो. लाल अगले हफ्ते आयेगा, माशी." धुरपदाबाईंनी मान हलवली.

लीलाच्या फ्रिजबरोबर त्या डिंडोलीपर्यंत चालत आल्या. गल्लीत नारळ फुटला. बायका जमल्या. लीला म्हणाली, कुंकू मावशींनीच लावायचं, हा फ्रिज त्यांच्या जिभेवर आलाय. धुरपदाबाईंनी फ्रिजच्या दाराला पाच बोटं उमटवली आणि आपला हात धुवायला त्या घरी गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

नंतरचा आठवडा त्यांनी मान खाली घालून काढला. रस्त्यात जी भेटे ती विचारे, "काय मावशी, लाल मिळाला का?" एक जण म्हणाली, "लालच हवा म्हणजे काय बाई, नवऱ्या मुलीसारखं!" लीला तर रोज संध्याकाळी बर्फाचा वाडगा घेऊन दारात यायची. "तुमचा येईपर्यंत माझाच समजा. खालचा खण मोकळा ठेवलाय, भाजी ठेवा त्यात." धुरपदाबाई बर्फ घ्यायच्या आणि ती पाठमोरी झाली की मोरीत टाकायच्या.

त्यांचे यजमान निंबाअप्पा यांनी तीस वर्षं लूम चालवले होते. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, तशी त्यांनी आता एका कारखान्याच्या फाटकावर नोकरी धरली होती. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. गुरुवारी गल्लीतल्या कोणीतरी त्यांच्या कानात ओरडून फ्रिजबद्दल अभिनंदन केलं. घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "फ्रिज लेवाना शे का?"

त्यांना वाटायचं, रविवारी ती दुकानात झाडलोट करायला जाते. धुरपदाबाईंनी हाताने 'बघू' अशी खूण केली.

शुक्रवारी त्या साड्यांचं गाठोडं पोचवून आल्या तर भिंतीजवळच्या कोपऱ्यातली पत्र्याची कोठी जागेवर नव्हती. निंबाअप्पांनी ती एकट्याने ढकलत खाटेखाली घातली होती. कोपरा झाडून ठेवला होता. घरातला विजेचा प्लग त्या कोपऱ्यातच होता.

"मापी लिधं मी," ते वितीने फ्रिजची रुंदी दाखवत म्हणाले. "बठी जाई."

शनिवारी लीला पुन्हा आली. तिची नणंद दिपाली कामरेजहून यायची होती. तिलाही फ्रिज हवा होता. "मावशी, उद्या तुम्ही आमच्याबरोबर चलाच. तुमच्याशिवाय तो शेठ ऐकायचा नाही." धुरपदाबाई म्हणाल्या, उद्या बहिणीकडे जायचंय. लीला हिरमुसली. मग म्हणाली, "ठीक आहे, तुमच्यासारखं भांडायचा प्रयत्न करीन."

रविवारी सकाळी धुरपदाबाई दुकानात गेल्या ते हसमुखभाईंना सांगायला, की आता मी येणार नाही. निदान आज तरी हे करणार नाही, ओळखीची माणसं यायची आहेत. पण दुकान भरलेलं होतं. हसमुखभाई कुजबुजले, "माशी, बस एक वार. पछी जाओ." लवकर आटपलं तर लीला यायच्या आत निघता येईल, असा हिशोब करून त्या फ्रिजपाशी गेल्या. घाईघाईने भाव विचारला, सोन्याच्या पेटीचं म्हणून झालं, लोक हसले.

"मनी आंडेरनं लगीन शे, शेठ. येवाना महिनामा..."

तेवढं बोलून त्यांनी वर पाहिलं. लीला दोन माणसांच्या मागे उभी होती. तिच्या कडेवर कोणी नव्हतं, पण गेल्या वर्षी याच कडेवर मयुरीचं बाळ बारशाला मिरवलं होतं. बाजूला दिपाली होती, ती कौतुकाने ऐकत होती.

वाक्य अर्ध्यावर आलं होतं. धुरपदाबाईंनी ते पुरं केलं. व्याही तालेवार आहेत, हे सांगितलं. मांडवात नाक कापलं जाईल, हेही सांगितलं. जीभ कशी चालत राहिली ते त्यांना नंतरही कळलं नाही. चप्पल पायात घालायची वेळ आली तेव्हा मात्र त्या जागच्या हलल्या नाहीत. हसमुखभाईंनी आपणहून कपाळावर हात मारला आणि हजार उतरवले. सुकलालने कण्हत पेटी उचलली.

लीला पुढे झाली. पेटी तिच्या समोरून जात असताना तिने खालच्या कोपऱ्याला हात लावला, ओझं उचलायला मदत करावी तसा. पेटी सुकलालच्या हातातून वर उडाली. आत थर्माकोलचे दोन तुकडे खडखडले.

"मावशी," लीला म्हणाली, "रंग मिळाला वाटतं तुमचा."

धुरपदाबाईंनी पेटीकडे पाहिलं. माणसांपैकी कोणालातरी हसू आलं, कोणालातरी समजलं नाही. दिपाली विचारत होती, "ओळखीच्या आहेत का, वहिनी?" लीलाने तिचं मनगट धरलं.

"आपल्या गल्लीतल्या आहेत. चल, त्या काचेच्या दुकानात जाऊ."

त्यांच्या मागून अजून एक कुटुंब बाहेर पडलं. हसमुखभाई चिडले नाहीत. ठरलेले पैसे त्यांनी धुरपदाबाईंच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, दोन रविवार जाऊ द्या, लोक विसरतात. धुरपदाबाईंनी पैसे घेतले. रिक्षात बसल्या नाहीत. उन्हातून चालत डिंडोलीला आल्या तेव्हा दुपार कलली होती.

समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. लीला आणि दिपाली आत चहा पीत बोलत होत्या. धुरपदाबाई त्या दाराकडे न बघता घरात शिरल्या आणि आपलं दार लावून घेतलं. निंबाअप्पा खाटेवर बसले होते. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी यांना आपणच सांगायचं, एवढं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. त्या खाली बसल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या.

निंबाअप्पांनी कानामागे हात धरला. "काय?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"मोठ्यानं बोल वं. काय दुकान?"

त्या खोल्यांच्या भिंती एकेरी विटेच्या होत्या आणि वर पत्रा. त्या घरात नवऱ्याला सांगितलेली कुठलीच गोष्ट आजवर नवऱ्यापुरती राहिलेली नव्हती. धुरपदाबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं.

"मी तठे झाडलोट करस नही!" त्या ओरडल्या. "पैसा लीसन गिऱ्हाईकनं सोंग करस! लीलाले मी खोटं सांगं! तिना पाचशे रुपया मनामुळे जास्त गयात!"

समोरचं बोलणं थांबलं. कपबशीचा आवाज थांबला.

"कव्हापासून?" निंबाअप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता.

"दोन वरीस!"

निंबाअप्पा झाडलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आपला फ्रिज येस नही."

"नही! आन मी बी आते तठे जास नही!"

थोड्या वेळाने बाहेर चपलांचा आवाज झाला, दाराशी थांबला आणि पुढे गेला. कोण होतं ते बघायला धुरपदाबाई उठल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी दार उघडलं नाही, दिवाही उशिरा लावला. भाकरी केल्या, पण भाजीला कोथिंबीर नव्हती आणि ती आणायला त्या बाहेर पडल्या नाहीत.

उद्या सोमवार. गल्लीत पाणी सकाळी सव्वासहाला येतं, वीस मिनिटं राहतं, आणि सगळ्या खोल्यांना मिळून नळ एकच आहे.