सायप्रसचा नियम

बारावीच्या क्लाससाठी मी लातूरला दोन वर्षं होतो आणि ती दोन्ही वर्षं अयोध्याअक्कांच्या मेसवर जेवलो. अक्का चाकूरकडच्या. वडील लवकर गेले. धाकटा भाऊ अंगद हुशार निघाला, म्हणून त्याला शिकवायला त्या मायला घेऊन लातूरला आल्या आणि पोरांना डबे देऊ लागल्या. लग्नाची स्थळं यायची. "अंगदचं शिक्षण होऊ द्या आधी," म्हणून अक्काच ती परतवायच्या. पुढं यायचीच बंद झाली.

अंगद फिजिक्सचा सर झाला. आधी दुसऱ्याच्या क्लासमध्ये, मग स्वतःचा क्लास, मग हॉस्टेल. मुरुडपासून औशापर्यंत रस्त्यानं त्याचे फोटो लागले. मेस त्याच हॉस्टेलच्या तळमजल्यावर आली. लोक म्हणायचे, बघा, भावानं बहिणीला जागा दिली. अक्का पीठ मळत राहायच्या.

मी आता नांदेडला कॉलेजात शिकवतो. मागच्या वर्षी अचानक अक्कांचा फोन आला. "नांदेडला आलेय बाळा, मोठ्या हॉटेलात. अंगदसंगं. मला हितलं काही कळंना, येतोस का?"

गेलो. हॉलमध्ये डॉक्टर, बिल्डर, बियाणांचे व्यापारी असे पन्नासेक लोक बसले होते. शेवटच्या रांगेत अक्का, इस्त्रीच्या साडीत, चपला खुर्चीखाली काढून ठेवलेल्या. परदेशात घर घेतलं की तिथं राहायचा परवाना कसा मिळतो, ते सांगायला पुण्याहून एक एजंट आला होता. अंगदसर पहिल्या रांगेत होते.

"मायनं धाडलंय मला," अक्का हळूच म्हणाल्या. "म्हनली, नीट ऐकून ये. देश कसाय, थंडी किती, ज्वारी मिळती का. तिनं तर शेजारणीला सांगूनबी टाकलं, मी लेकासंगं इमानात जानार म्हनून."

एजंटनं पडद्यावर ग्रीस आणि सायप्रस शेजारी शेजारी मांडले होते. ग्रीसच्या परवान्याच्या कार्डावर बऱ्याच युरोपात बिनव्हिसा हिंडता येतं, पण दर पाच वर्षांनी ते नवं करून घ्यावं लागतं. अथेन्समध्ये घराच्या किमतीची अट आता फार चढली आहे, मात्र जुन्या दुकान-कारखान्याच्या जागी केलेलं घर घेतलं तर स्वस्तात जमतं. सायप्रसला नवंच घर घ्यावं लागतं, परवाना कायमचा मिळतो आणि इंग्रजी शाळा चांगल्या आहेत. पण त्या कार्डावर बाकीच्या युरोपात फिरता येत नाही.

अंगदसरांनी हात वर केला. "आईवडिलांचं काय?"

अक्का खुर्चीत पुढं सरकल्या.

"ग्रीसमध्ये तुमचे आईवडील परवान्यात बसतात, मिसेसचेही बसतात," एजंट म्हणाला. "सायप्रसमध्ये पूर्वी बसायचे. आता नियम बदलला. फक्त नवरा-बायको आणि मुलं."

"म्हणजे सायप्रसला आईला नेताच येत नाही?"

"या परवान्यावर नाही."

"लेखी नियम आहे तसा?"

"हो सर, लेखी. आईंना न्यायचं असेल तर ग्रीस घ्या. तुमच्या बजेटमध्ये बसवून देतो."

सरांनी पडद्यावरचे दोन्ही रकाने पुन्हा वाचले. मग म्हणाले, "नाही. सायप्रसच बघू."

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. आपण ऐकलं तेच यानंही ऐकलं का, एवढंच त्या नजरेत होतं. मग त्या उठल्या आणि भर हॉलमध्ये त्यांनी विचारलं, "आन बहीन?"

लोक वळून बघायला लागले. एजंट हसला. "बहीण कुटुंबात धरत नाहीत, ताई. दोन्हीकडं नाही."

"बरं," म्हणून अक्का बसल्या. खाली वाकून चपला घातल्या आणि चहाला न थांबता गाडीत जाऊन बसल्या.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. घरी पोचल्या पोचल्या मायनं, पंचफुलाबाईंनी, विचारलं, "काय म्हनला रे तो मानूस?"

"माय, तिथल्या सरकारचा नियम आडवा आला," अंगद म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांना घेईनात."

"मंग दुसरा देश न्हाई का?"

अंगदनं अक्कांकडं बघितलं. अक्कांना वाटलं, आता तरी खरं बोलंल. तो म्हणाला, "हाय एक. पण तुला नेलं तर अक्का हितं एकटी पडंल ना. बहिणीला कुठंच नेता येत न्हाई. तिच्यासाठी थांबावं लागंल तुला."

पंचफुलाबाई लेकीकडं न बघता म्हणाल्या, "माझ्या सुखाला हीच आडवी येती."

भाऊ, भावजय ऋतुजा आणि दोन पोरं सायप्रसमधल्या लिमासोलला निघाली, तेव्हा अक्कांनी धपाटे आणि शेंगाचटणी बांधून दिली. अंगद क्लास ऑनलाइन चालवणार होता आणि सुट्ट्यांत येणार होता. हॉस्टेल मात्र त्यानं विकलं. नव्या मालकाला तळमजल्यावर अभ्यासिका करायची होती. अक्कांनी मोठी पातेली मोडीत घातली आणि मायला घेऊन चाकूरला दोन खोल्यांत आल्या. आता स्टँडजवळच्या एका हॉटेलाला त्या सकाळ-संध्याकाळ भाकऱ्या करून देतात.

दिवाळीनंतर मी भेटायला गेलो. पंचफुलाबाई बाजेवर होत्या. मी आत जातो न जातो तोच त्या मला सांगू लागल्या, "लेकानं लई खटपट केली. पन ही हाय ना गळ्यात. हिला सोडून कसं जाऊ?"

चुलीपुढं बसलेल्या अक्कांचा हात थांबला. भाकरी तव्यावर करपत होती.

"माय, आज सांगतेच," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी न्हाई ऱ्हायलीस तू. एका देशात तुला घेत व्हते, दुसऱ्यात घेत नव्हते. त्यानं घेत नव्हते तोच काढला. इचारून इचारून काढला. ह्या पोराच्या म्होरं."

पंचफुलाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. "खरंय, आजी."

"तुमी दोघं ठरवून सांगायलाव व्हय मला?" त्यांचा आवाज चिरकला. "जळतीस तू त्याच्यावर. ल्हानपनापासून जळतीस. तुझं तुला काही झालं न्हाई म्हनून त्याचं बघवंना."

अक्कांनी करपलेली भाकरी उतरवून बाजूला टाकली आणि दुसरी थापायला घेतली.

त्या दिवसापासून पंचफुलाबाई लेकीशी बोलत नाहीत. तिच्या हातचं जेवतात, आंघोळीला तिचाच हात धरतात, पण बोलत नाहीत. काही लागलं तर समोरच्या भिंतीला सांगतात. "पानी पाहिजे," असं भिंतीकडं बघून म्हणतात, आणि अक्का पाणी देतात.

परवा पुन्हा गेलो होतो. सायप्रसहून व्हिडिओ कॉल आला. मायचा हात थरथरतो, म्हणून फोन अक्कांनी धरला होता, आपण पडद्यात दिसणार नाही अशा बाजूनं. अंगद बाल्कनीत उभा होता. मागं समुद्र होता.

"कसा हायस लेकरा?" पंचफुलाबाई हसत होत्या. घरात त्या कुणाशी असं हसलेल्या मी पाहिलं नव्हतं. "तिथल्या सरकारला पुन्यांदा सांगून बघ. म्हनावं, म्हातारी लई खात न्हाई. एका कोपऱ्यात बसंल."

"सांगतो माय," अंगद म्हणाला. "नियम बदलला की लगेच नेतो."

"बदलंल रे," त्या म्हणाल्या. "सरकार झालं तरी त्यालाबी माय असंलच की."

अक्कांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. पहिला हात भरून आला होता.