स्टँडवर राहिलेलं चाक

बशीर गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: चला, आता चांगल्या सायकली मला मिळतील.

लाज वाटते. पण खोटं कशाला लिहू? खोटं बोलून झालंय माझं, तेही पुढं सांगतो.

बशीर सांगलीचा. कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. मी साताऱ्याचा, फौजेतून रिटायर.

दोघांना एकच खूळ. भंगारात निघालेल्या जुन्या सायकली आणायच्या, नीट करायच्या आणि हौशी माणसांना विकायच्या.

दहा वर्षं मी त्या माणसावर जळलो. मैत्री होती, तरी जळलो.

वाईत एका मास्तरांची काळी चोवीस इंची सायकल होती. मास्तर वारलेले. मी तीनदा गेलो. काकूंनी तिन्ही वेळा दारातनंच वाटेला लावलं.

बशीर एकदाच गेला आणि सायकल घेऊन आला. वर जेवूनही आला!

"काय जादू केलीस रं?" मी फोनवरच भांडलो.

"कसली जादू? आवं काकू, मास्तर सायकल घेऊन कुठंकुठं जायचे, एवढंच इचारलं. दोन तास बोलत हुत्या."

मी काय विचारलं होतं? "काढायची आहे का?"

आणि त्याचे फोटो! कोपऱ्यात स्वतःचा अंगठा आलेला, मागं वाळत घातलेल्या चादरी. तरी सायकल संध्याकाळपर्यंत विकलेली.

मी मागं अजिंक्यतारा घेऊन, ऊन बघून फोटो काढायचो. खाली कमेंट यायची, "बशीरभाईंना दाखवली का?"

लिहिणारे तुम्हीच, ह्याच ग्रुपवरचे. नावं घेत नाही.

फक्त एका गोष्टीत मी त्याच्या वरचढ होतो. चाक.

चाक फिरताना लडबडतं, त्याला आमच्यात आउट म्हणतात. एकेक तार आवळत, सैल करत चाक सरळ करायचं म्हणजे आउट काढायचा. लय चिकाटीचं काम. माझ्या सायकलीचं चाक फिरवलं की एका रेषेत फिरायचं. पुण्याची गिऱ्हाइकं खास त्यासाठी यायची.

आता ते खोटं.

आउट मी काढतच नव्हतो. आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या तानाजीकडं चाक द्यायचो. आठ-आठ दिवस लावायचा. मी ओरडायचो, "आठ दिवस लागत्यात व्हय रं एका चाकाला?"

"चांगलं काम पायजे असंल तर थांबा," म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी कराडला आम्हा सायकलवेड्यांचा मेळावा झाला. बशीरच्या सायकलीभोवती ही गर्दी. माझ्या सायकलीजवळ मी आणि एक चहावाला.

माझं डोकंच फिरलं. सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, "बशीर, बघ. ह्याला म्हणत्यात आउट काढणं. मी स्वतः काढलाय. सांगलीत हाय का असं कोण?"

बशीर वाकला. बराच वेळ चाक बघत राहिला. रिमवर वॉल्व्हच्या बरोबर समोर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता, त्यावरनं बोट फिरवलं. प्रत्येक चाकावर असायचा तो ठिपका. मला वाटायचं तानाजीची खूण.

"न्हाई गड्या," बशीर म्हणाला, "सांगलीत न्हाई असं कोण. कुठं शिकलास?"

"फौजेत!"

"लय भारी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात त्या एका दिवशी मी बशीरवर जळलो नाही.

गेल्या आठवड्यात तो गेल्याचा फोन तानाजीनंच केला. रडत होता. मला कळेना, ह्याची बशीरशी कुठली एवढी ओळख?

दोघं एसटीनं सांगलीला गेलो. माती आदल्या दिवशीच झाली होती. भाभींना भेटलो. निघताना बशीरची मुलगी शबाना आतनं एक चाक घेऊन आली.

"तानाजीकाका, तुमचं चाक तेवढं राहिलं बघा. अब्बांनी आउट काढायच्या स्टँडवर चढवलं हुतं. निम्मंच झालंय."

रिमवर वेल्डिंगचा डाग. तो मीच करून घेतलेला.

माझं चाक.

कपाटावर नेलपॉलिशची बाटली. लाल.

मी तानाजीकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

एसटी स्टँडवर आलो. मग विचारलं, "किती दिवस?"

"पयल्यापासनं. मला आउट जमतच न्हाई, साहेब. माझी सासरवाडी सांगलीची. दर शनवारी चाक घिऊन जायचो."

"त्याला माहीत होतं? चाकं माझी म्हणून?"

"व्हय."

"मग कराडला गप का बसला?"

तानाजीनं डोळे पुसले. "मी बी इचारलं. म्हनला, ऱ्हाऊ दे रं. त्या एकाच गोष्टीवर फौजी खुश असतोय."

स्टँडवर माणसं होती, तरी रडलो. आणि खरं सांगू? रडतानाही जळतच होतो. हेही त्यालाच जमलं म्हणून. मी त्याच्या जागी असतो तर कराडात त्याची अब्रू काढली असती.

चाक घरी आणलंय. तारांची चावी घेऊन चार दिवस बसतोय. डावीकडं ओढलं की उजवीकडं जातंय. बायको म्हणते, द्या कुणाला तरी.

कुणाला देऊ?

बशीर, ज्यांच्यासमोर मी फुशारकी मारली ते सगळे ही पोस्ट वाचतायत. म्हणून इथंच लिहितो. आजवर माझ्या ज्या-ज्या चाकाचं कौतुक झालं, ते तुझं होतं.

कुठं शिकलास, विचारलं होतंस ना?

अजून शिकलो न्हाई गड्या.

फौजीचा शेवटचा सलाम घे.