बंदीतला स्पीकर

कमळताई आमच्या वाडीच्या पोलीस पाटील. ना खाकी, ना काठी. सकाळी रेवदंड्याच्या बाजारात सुकी मच्छी विकायची, आणि वाडीत कुणी बायकोला मारलं की पदर खोचून त्याच्या दारात उभं राहायचं, चौकीला कळवायचं. मी त्यांची शेजारीण. मला मेलीला चौकशीची भारी हौस, म्हणून हे सगळं ठाऊक.

यंदा मासेमारीची बंदी लागली, होड्या वर ओढल्या, पुरुष घरी बसले, आणि ताईंच्या घरात भरदिवसा स्पीकर लागायला लागला. कोळीगीतं, भिंती हलतील अशी! आमच्याकडे असा स्पीकर वाजला की हळदच समजायची. पण भर पावसात कुणाची हो हळद? बरं, ताई बाजारात गेल्या की सुरू, त्या यायच्या आत बंद. हे काय गौडबंगाल, म्हणून मी कुंपणाशी घुटमळायचे. ताईंचा लेक अल्पेश खिडकीतून हसायचा, "काय मावशी, नाचायला येतेस?"

एक दिवस ताई बाजारातून लवकर परतल्या. नाक्यावर गाणं कानावर पडलं मात्र, टोपली तिथंच टाकून धावत सुटल्या. मागोमाग मी. घरात शिरून त्यांनी आधी स्पीकरची वायर उपटली. तेव्हा कुठे आतल्या खोलीतलं रडणं ऐकू आलं. सून प्राप्ती भिंतीला टेकून बसलेली, ओठ फुटलेला.

आता ताई काय करणार? दुसऱ्याच्या पोराला चौकी दाखवणं सोपं, हा तर पोटचा, एकुलता एक! आणि प्राप्तीला माहेरी, थळला, भावाने "नांदायला जा" म्हणून आधीच पिटाळलेली. हे घर सुटलं तर पोरीनं जावं कुठं? माझा तर जीव टांगणीला लागला.

ताईंनी सरळ मार खाणाऱ्या बायकांसाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकारी बाईंना फोन लावला. बाईंनी येऊन प्राप्तीचं म्हणणं लिहून घेतलं, दवाखान्यात नेलं, कोर्टात अर्ज लावला. साक्ष कुणाची? ताईंची! कोर्टाने सांगितलं, घरात प्राप्ती राहील, अल्पेशने पाऊल टाकायचं नाही. अगं बाई! घराबाहेर जाते ती सून, एवढंच मी आजवर बघितलेलं. आता अल्पेश किनाऱ्यावरच्या होडीत ताडपत्रीखाली झोपतो.

मला काही राहवेना. परवा ताईंबरोबर सुके बोंबील निवडताना विचारलंच, "ताई, नुसत्या गाण्यावरून कळलं कसं वो तुम्हाला?"

ताईंनी हातातला बोंबील टोपलीत टाकला. "माझा नवरा मारायचा ना, तवा सासू रेडिओ मोठा करायची."

"आणि कुणाला कळलं न्हाय?"

"तुझी सासू यायची की कुंपणापाशी," ताई म्हणाल्या. "गाणी ऐकायला."